पोर्टगेव्हीत दारुडा नाही

आमच्या पोर्टगेव्हीत दारू मिळत नाही. स्कॉटलंडच्या या ईशान्य किनाऱ्यावर मच्छीमारांची कोरडी गावं बरीच होती, पण आमच्याइतकं कोरडं दुसरं नाही, असं आम्ही छाती फुगवून सांगतो. १९२० साली गावानं मत देऊन गुत्ते बंद केले आणि त्यानंतर इथे एक बाटली विकली गेलेली नाही. गावाची हद्द ओढ्यावरच्या पुलापाशी संपते. पुलापलीकडे चाळीस पावलांवर एक पब आहे. बोटी बंदराला लागल्या की त्या पबात पाय ठेवायला जागा मिळत नाही, आणि आत बसलेल्यांत परगावचा माणूस शोधूनही सापडत नाही. कुठे निघालात म्हणून घरी विचारलं की पुरुष सांगतात, "जरा हवा खाऊन येतो." सत्तर वर्षं आमचे पुरुष हवा खातायत. तरी पोर्टगेव्ही कोरडं ते कोरडंच.

बायकांना हवा खायला जाता येत नाही. पुलावर एकटी बाई दिसली तर ती घरी पोहोचायच्या आत बातमी घरी पोहोचते. त्यामुळे आमच्या बायकांचं "डोकं दुखतं". किराणा घेऊन फिरणारी गाडी दर गुरुवारी येते, आणि ज्यांचं डोकं दुखतं त्यांच्यासाठी ड्रायव्हर साबणाच्या पावडरीचा खोका वेगळा काढून ठेवतो. खोका उचलताना जड लागतो. हे गावाला ठाऊक नाही असं नाही. गावाला सगळं ठाऊक असतं, फक्त बोलायचं नसतं.

जेसिमा फ्लेटचं डोकं बारा वर्षं दुखत होतं.

आमच्याकडे अर्ध्या गावाचं आडनाव फ्लेट. म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव असतं, आणि ते मतदारयादीतसुद्धा लिहितात. जेसिमा 'बॉबिन'च्या घरची. तिचा नवरा डॉड बॉबिन बोटीवर इंजिन सांभाळायचा. दहा दिवस समुद्रावर, चार दिवस घरी. सालस माणूस, पण इंजिनाशी जेवढं बोलायचा त्याच्या निम्मंही बायकोशी बोलायचा नाही. जेसिमा पंधराव्या वर्षापासून बंदरावरच्या मच्छीच्या शेडमध्ये कामाला. ओल्या फळीपाशी उभं राहायचं, बोटांना चिंध्या गुंडाळायच्या आणि आखूड सुरीनं कॉडचे काप काढायचे. एका बाजूचा काप, मासा उलटा, दुसऱ्या बाजूचा काप, काटा टोपलीत. तिच्याइतका हात कुणाचा चालायचा नाही. नव्या मुलींना फोरमन म्हणायचा, "बॉबिनकडे बघा आणि शिका."

बर्फाच्या पाण्यात हात घालून घालून पंचविशीतच तिची मनगटं आखडली. डॉक्टरनं दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी झोप उडाली, म्हणून झोपेच्या दिल्या. पोट पाडलं गेलं... नाही, खोटं कशाला लिहू, पोट आपोआप पडलं, दोनदा. तेव्हा ती रडत बसली, म्हणून 'मज्जातंतूंसाठी' पिवळ्या गोळ्या दिल्या. पेशंट खुर्चीत टेकायच्या आत त्या डॉक्टरची चिठ्ठी लिहून व्हायची. पिवळ्या गोळ्या सतरा वर्षं चालल्या. एकदाही त्यानं विचारलं नाही, बाई, अजून रडतेस का? औषधाच्या दुकानात शुक्रवारी तपकिरी बाटल्या घ्यायला आमच्या बायकांची रांग लागायची. त्या रांगेलाही गावात नाव नव्हतं. पुढे गोळ्या पुरेनात, तेव्हा जेसिमानं गाडीवाल्याकडून पहिला जड खोका घेतला. डॉडचे जुने गमबूट जिन्याखाली पडलेले असत. उजव्या बुटात व्होडका राहू लागली.

१९८८च्या फेब्रुवारीत शेडमध्ये तिच्या डाव्या तळव्यात सुरी मुठीपर्यंत शिरली आणि तिला कळलंच नाही. ती तशीच पुढचा मासा उचलायला गेली. शेजारची मुलगी किंचाळली तेव्हा तिनं खाली पाहिलं. फोरमन म्हणाला, "बॉबिन, माशाचं रक्त एवढं लाल नसतं गं." सगळे हसले. मग कुणीच हसलं नाही.

शहरातल्या हॉस्पिटलात हात शिवला, आणि शिवता शिवता तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईनं तिच्याकडून सगळं खरं काढून घेतलं. नऊ आठवडे तिला वॉर्डात ठेवलं. गोळ्या एकदम तोडल्या तर जीव जाईल, म्हणून कणाकणानं उतरवल्या. अंगातून मुंग्या फिरत. भिंती जवळ येत. आपली आई खिडकीत बसून विणतेय असं तिला दोन दिवस दिसत होतं. नवव्या आठवड्यात ती स्वतःच्या पायांनी आंघोळीला गेली. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाली, "जेसिमा, शरीराचं आम्ही केलं. उरलेलं एकटीनं होत नाही. दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता इथे जवळच यातून गेलेली माणसं बसतात. एक तास. तेवढं चुकवू नकोस. मी धाक घालत नाही, पण चुकवलेल्यांना मी परत याच खाटेवर पाहते."

गावात डॉडनं सांगून ठेवलं होतं की बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. त्यासाठी जेसिमानं त्याला कधी माफ केलं नाही, आणि मीही करणार नाही.

सभा शहरात, चौदा मैलांवर. परतीची शेवटची बस साडेसहाला. म्हणजे सभा सुरू व्हायच्या अर्धा तास आधीच तुम्ही घरी निघालेलं पाहिजे. हे वेळापत्रक ज्या कुणी केलं, त्याला माझ्यासमोर आणून उभं करा. पहिला महिना ती गेलीच नाही. पाचव्या आठवड्यात गमबूट पुन्हा भरला. सहाव्या आठवड्यात तिनं तो घरच्या मोरीत रिकामा केला आणि शहराची बस धरली. परत कशी येणार याचा विचार न करता.

सभेत सहा माणसं होती. त्यांतला एक गिल्बर्ट, मच्छीचा ट्रक चालवणारा, पोट सुटलेला, अकरा वर्षं दारू न प्यायलेला. तो म्हणाला, "पोर्टगेव्हीची? माझा ट्रक तिकडूनच जातो. बस पुढे. फक्त कोळंबीच्या वासाबद्दल तक्रार करायची नाही."

"मी तीस वर्षं मच्छी कापतेय. वास माझाच असेल," जेसिमा म्हणाली.

दीड वर्ष असं चाललं. मंगळवारी बसनं जायचं, गिल्बर्टच्या ट्रकमधून यायचं. बंदरावर ती परपुरुषाच्या ट्रकमधून उतरते हे गावानं पाहिलं आणि आपल्या परीनं अर्थ लावला. तो अर्थ गावाला चालला. बाई ट्रकवाल्याबरोबर फिरते हे आमच्या तोंडातून निघतं, बाई दारूतून सुटायला धडपडतेय हे निघत नाही.

मग १९८९च्या ऑक्टोबरात गिल्बर्टनं ट्रकमध्ये खाकरून घसा साफ केला. "जेसिमा, नवीन वर्षाचा पहिला आठवडा झाला की माझा मार्ग बदलतोय. दक्षिणेला, इंग्लंडपर्यंत. मंगळवारी मी इथे नसणार."

जेसिमा बोटांवर उरलेले मंगळवार मोजू लागली. चौदा मैलांपैकी चार मैल तसेच गेले.

"तुमच्याच गावात सभा सुरू कर ना," तो म्हणाला. "माहिती-पत्रकं मी देतो, किटली देतो. एक खोली लागेल. घरी नको, दुसऱ्याच्या घरी यायला माणसं लाजतात. चार भिंती, एक शेगडी, आठवड्याचा एक तास. आणि आडनावं सांगायची नाहीत, तो आमचा नियम आहे."

"आडनाव?" जेसिमा हसली. "गिल्बर्ट, आमच्या गावात आडनाव सांगितलं तरच माणूस लपून राहतो."

चार भिंती आमच्या गावात होत्या. चांगल्या दगडी. बंदराच्या वर, पाच पायऱ्या चढून गेलं की दारूबंदी सभागृह, १८८४ साली बांधलेलं. दर्शनी भिंतीवर कोरलेलं आहे, 'बुडणाऱ्यांसाठी'. आत लाकडी जमीन, दोन शेगड्या, साठ खुर्च्या आणि निळ्या काठाची कपबशी. गुरुवारी तिथे म्हातारे सतरंजीवर गोळे घरंगळवत खेळतात. मंगळवारी ते रिकामं असतं.

सभागृहाचे पाच विश्वस्त. अध्यक्ष ॲडम फ्लेट. टोपणनाव 'कंपास', कारण त्याच्या आजोबांपासून त्या घरातला माणूस एकदा एका दिशेला तोंड करून उभा राहिला की वळत नाही. सहासष्ट वर्षांचा, ताठ, दारूचा थेंबही न शिवलेला. हे खरं आहे, त्याचं श्रेय मी काढून घेत नाही. तो जेसिमाच्या वडिलांचा चुलतभाऊ, म्हणून ती त्याला काका म्हणायची आणि त्याच्या बायकोला, बार्बराला, काकू. सभागृहातला चहा चाळीस वर्षं बार्बराकाकूच करायची.

नोव्हेंबरच्या बैठकीत जेसिमा टोपी हातात धरून उभी राहिली. तिनं पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं. मंगळवार, सात ते आठ, कोळसा आम्ही आणू, झाडू आम्ही मारू.

"कसली सभा?" ॲडमनं विचारलं.

"दारू आणि गोळ्या सोडू पाहणाऱ्यांची, काका."

विश्वस्तांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. आमच्याकडे अशा वेळी सगळे टेबलाकडे बघतात.

"जेसिमा," ॲडम शांतपणे म्हणाला, "पोर्टगेव्हीत दारुडा नाही. मग सभेला येणार कोण?"

"मी येईन."

"तुझं पित्ताशय काढलंय ना?" एक विश्वस्त खरोखर गोंधळून म्हणाला.

"माझं पित्ताशय जागच्या जागी आहे, नॉर्मनकाका. मी नऊ आठवडे व्यसनाच्या वॉर्डात होते."

आतल्या दारात बार्बराकाकू ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमधले कप बशांवर किणकिणू लागले. ॲडमनं सभागृहाचं मूळ विश्वस्तपत्र काढलं. त्याला ते तोंडपाठ होतं, तरी त्यानं चष्मा लावून वाचलं. "मद्याच्या आहारी गेलेल्या कोणत्याही व्यक्तीस या वास्तूचा उंबरा ओलांडता येणार नाही." चष्मा काढला. "म्हणजे बघ. तू म्हणतेस तशी माणसं गावात नसतील, तर सभेची गरज नाही. आणि असतील, तर त्यांना आत येता येत नाही. मी काय करू? मी नियम केलेला नाही."

आता यावर काय बोलायचं? बुडणाऱ्यांसाठी बांधलेली होडी, आणि तिच्यात चढायची अट काय, तर अंग कोरडं पाहिजे! आणि हे सांगताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता हो. दुष्टपणा असता तर बरं झालं असतं. दुष्ट माणसाशी भांडता येतं. ॲडम कंपासला मनापासून वाटत होतं की आपण गावाची अब्रू राखतोय.

जेसिमाच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. शुक्रवारच्या रांगेत सतरा वर्षं तिच्या पुढे किंवा मागे कोण उभं असायचं, ते वाक्य. तीच तपकिरी बाटली, त्याच पिवळ्या गोळ्या. "गुडघ्यासाठी गं," बार्बराकाकू दर वेळी म्हणायची, आणि तिचे डोळे तिच्या शब्दांच्या मागून सावकाश चालत यायचे. पायऱ्या उतरताना ती भिंतीला हात लावून उतरायची, ते गुडघ्यामुळे नव्हे. 'काका, घरी जाऊन विचारा,' एवढं म्हटलं असतं तरी बैठक तिथेच संपली असती.

तिनं दाराकडे पाहिलं. काकूनं काही खूण केली नाही. नुसती ट्रे छातीशी धरून उभी राहिली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

जेसिमानं ते वाक्य गिळलं. "बरं," ती म्हणाली आणि टोपी घालून निघाली. खाली बंदरावर येऊन तिनं मच्छीच्या रिकाम्या पेट्यांना लाथा घातल्या. एक, दोन, सहा. त्यांतली एक पाण्यात पडली.

चर्चनं सांगितलं, आमच्याकडे रविवारच्या शाळेची मुलं येतात, तिथे असली माणसं कशी आणायची? शाळेनं सांगितलं, वर अर्ज करा. वर अर्ज केला, त्याचं उत्तर अजून यायचंय. डॉड घरी आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो खिमा-बटाटा चिवडत म्हणाला, "कंपासशी कशाला वाकडं घेतेस? मी मिरवणुकीच्या बँडमध्ये ढोल वाजवतो, मला त्याच्याशी दर वर्षी काम पडतं."

"आणि मला स्वतःशी रोज काम पडतं, डॉड."

त्यानं ताट सरकवलं आणि हवा खायला गेला.

नवीन वर्षाच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे दारूबंदीची मिरवणूक निघते. बोटी सगळ्या बंदरात असतात. बासऱ्या आणि ढोल पुढे, मागे निळं रेशमी निशाण, त्यामागे रविवारच्या कपड्यांत अख्खं गाव. म्हाताऱ्यांच्या दारांपुढे थांबत, वाजवत, मिरवणूक सभागृहापाशी येते. अध्यक्ष तिसऱ्या पायरीवर शपथेचं पुस्तक घेऊन उभा राहतो आणि तीनदा विचारतो, "आज सही करायला कुणी पुढे येतंय का?" बारा वर्षं पूर्ण झालेली मुलं पुढे येतात. प्रत्येकाच्या पाठीशी एक मोठं माणूस लागतं, स्वतः शपथ पाळलेलं. मग मुलं सही करतात, आत जातात, त्यांना मनुकांचा केक आणि संत्रं मिळतं. नंतर पुरुष पूल ओलांडतात. त्या दिवशी पबचा मालक जादा माणूस लावतो.

त्या वर्षी चार मुलं होती. सकाळी दहापासून वारा असा की निशाण धरायला सहा जण लागले. जेसिमा नेहमीसारखी बायकांच्या रांगेत चालत होती. मागच्या मंगळवारी गिल्बर्टनं तिला बंदरावर शेवटचं सोडलं होतं. त्याची किटली तिच्या घरी ओट्यावर होती. येणारा मंगळवार तीन दिवसांवर आला होता आणि तिला जायला जागा नव्हती. जिन्याखाली तिनं पाहिलं नव्हतं, पण गमबूट तिथेच आहेत हे तिला चालताना पावलोपावली आठवत होतं.

तिनं आधी काही ठरवलं होतं असं तिनं कधीच सांगितलं नाही. मुलांनी सह्या केल्या. ॲडमनं रिवाजाप्रमाणे दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं आणि पुस्तक मिटायला घेतलं.

"मला करायचीय," जेसिमा म्हणाली.

लोकांना वाटलं कुणी थट्टा करतंय. ती रांगेतून बाहेर पडून पहिल्या पायरीवर आली तेव्हा बासरीवाल्यांनी बासऱ्या खाली केल्या.

ॲडम वाकून हळू आवाजात म्हणाला, "तमाशा नको, पोरी. तू बाराव्या वर्षीच सही केलीस. मीच शाई पुढे धरली होती."

"केली होती, काका. मोडली." तिनं मात्र आवाज हळू केला नाही. वाऱ्यावरून तो बंदरापर्यंत गेला. "बारा वर्षं दारू प्याले आणि सतरा वर्षं गोळ्या खाल्ल्या. पित्ताशय-बित्ताशय काही नव्हतं. आता दीड वर्ष मी शुद्धीवर आहे आणि तशीच राहायला मला मंगळवारचा एक तास पाहिजे. तो मी तुमच्याकडे मागितला. तुम्ही म्हणालात, गावात दारुडा नाही. ही घ्या, एक मी. आता पुस्तक उघडा."

"विश्वस्तपत्रात स्पष्ट..."

"तुम्ही तीनदा विचारलंत कुणी येतंय का. दर वर्षी विचारता. मी आले. यायचं नव्हतं तर विचारता कशाला?"

गर्दीतून कुणीतरी खाकरलं. ॲडमचा चेहरा वाऱ्यानं आधीच लाल होता, तो आणखी लाल झाला. पण तो कंपास होता. रिवाज म्हणजे रिवाज. त्यानं पुस्तक उघडलं, पेन तिच्या हातात दिलं आणि मुलांना विचारतो तसंच, त्याच सुरात विचारलं, "पाठीशी कोण उभं राहतंय?"

त्यानं ते तिला अडवायला विचारलं की सवयीनं, ते मला आजही ठरवता येत नाही.

पाठीशी उभं राहणाऱ्यानं शपथ पाळलेली असावी लागते. चारशे माणसं उभी होती. जेसिमानं मागे वळून डॉडकडे पाहिलं. डॉडनं ढोलाच्या कातड्याकडे पाहिलं. त्याच्या शेजारच्यानं बुटांकडे पाहिलं. एकेक करून सगळ्या रांगेनं बुटांकडे पाहिलं, कारण त्यांतला एकेक जण पुलावरून गेलेला होता आणि बाकीच्यांनी त्याला जाताना पाहिलेलं होतं. बायकांच्या रांगेला आपापले साबणाचे खोके आठवले. एरवी नाकानं कांदे सोलणारं गाव, पण एका बाईच्या मागे उभं राहायला त्यात एक धड माणूस निघेना. पेन अजून जेसिमाच्या हातात होतं. ती तशीच उभी राहिली. मला वाटतं आणखी मिनिटभर तसं गेलं असतं, तर ती पेन ठेवून घरी गेली असती, जिन्याखाली.

"मी राहते."

आवाज वरून आला, सभागृहाच्या दारातून. बार्बराकाकू ॲप्रनला हात पुसत उभी होती. ती भिंतीला हात लावत पायऱ्या उतरली आणि जेसिमाच्या मागे येऊन थांबली.

"बार्बरा, तू आत जा," ॲडम म्हणाला.

"मी शपथ पाळलीय की नाही, ॲडम? सांग सगळ्यांना. कधी थेंब घेतला?"

"नाही. कधीच नाही."

"मग मी उभी राहू शकते." तिनं ॲप्रनच्या खिशातून तपकिरी बाटली काढली आणि उघड्या पुस्तकावर, चार मुलांच्या ओल्या सह्यांशेजारी ठेवली. "दारूला शिवले नाही. ह्यांना शिवले. सकाळी दोन, दुपारी दोन, रात्री जितक्या लागतील तितक्या. गुडघा माझा चांगला आहे. हिला सतरा वर्षं ठाऊक होतं. तू तिला नियम वाचून दाखवलास तेव्हा मी ट्रे घेऊन उभी होते, आणि ही एका शब्दानं तुला गप्प करू शकत होती. केलं नाही तिनं." काकूला दम लागला. ती थांबली आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आता सांग, तुझ्या नियमाप्रमाणे मी उंबरा ओलांडू का नको? आत सगळ्या गावाचा चहा उकळतोय, आणि तो मीच ठेवलाय."

ॲडम कंपासनं बाटलीकडे पाहिलं. मग बायकोकडे. चाळीस वर्षं एका घरात राहून माणूस पहिल्यांदा बघावा तसं तो तिच्याकडे बघत होता.

जेसिमानं सही केली. सही वेडीवाकडी आली, बाराव्या वर्षीची तिच्याहून चांगली होती. मग तिनं काकूचा हात धरला आणि दोघी पायऱ्या चढून आत गेल्या. चहा उकळून कडू झाला होता. त्या दिवशी सगळ्यांनी तो मुकाट्यानं प्यायला.

मंगळवारी पावणेसातला जेसिमा किटली घेऊन पायऱ्या चढली. दार बंद असेल आणि आपण पायरीवरच बसू, थंडीनं मेलो तरी बसू, असं ती घरून बडबडत आली होती. दार उघडं होतं. शेगडी पेटलेली होती. ॲडम आत एकटाच उभा होता, कोट न काढता. त्यानं मधोमध चार खुर्च्या मांडल्या होत्या. एक जेसिमाची, एक बार्बराची, दोन चुकून कुणी आलंच तर.

बार्बराकाकू शहरातल्या डॉक्टरीणबाईकडून गोळ्या उतरवण्याचा तक्ता घेऊन आली होती. त्यानंतर शेडमधली किंचाळलेली मुलगी आली. ती दारातच म्हणाली, "मी फक्त सोबत म्हणून आलेय," आणि बसल्यावर रडायला लागली. मग औषधाच्या रांगेतल्या दोघी. मग नॉर्मन, विश्वस्त, पित्ताशयवाला. तो ॲडमच्या नजरेला नजर न देता शेगडीशी जाऊन उभा राहिला. मग पुलाच्या दिशेनं तिघे आले, हवा खायला निघालेले आणि अर्ध्या वाटेतून वळलेले. डॉड त्यांत नव्हता. डॉड त्यानंतर पाचव्या मंगळवारी आला, आणि जेसिमानं त्याला एवढंच सांगितलं की उशीर झालाय, दार लावून घे.

प्रत्येक माणसामागे ॲडम मागच्या खोलीत जाऊन एक खुर्ची आणत होता. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. पाचवी, सहावी, सातवी. दहावी त्यानं ठेवली ती किराण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरसाठी. अकरावी ठेवताना त्याला धाप लागली होती. ती ठेवून तो पाठ धरून उभा राहिला.

"अजून किती लागतील गं?" त्यानं विचारलं.

"गावात घरं किती आहेत, काका?" जेसिमा म्हणाली.

त्यानं कोट काढून खुंटीला लावला आणि आणखी खुर्च्या आणायला आत गेला.